पस्तिशीनंतर वर्दी: पीएचडी, घरदार आणि टेरिटोरियल आर्मी

ओसरीवरचा (धागालेखक)

सैन्यभरतीच्या कुठल्याही धाग्यावर चौथ्या-पाचव्या प्रतिसादात एक प्रश्न हमखास येतो: "वय ३७, पीएचडी चालू आहे, लग्न झालंय, आता काही होऊ शकतं का?" त्यावर उत्तरं दोनच येतात. एक 'जय हिंद', दुसरं 'धोनी बघा'. दोन्हींचा उपयोग शून्य. म्हणून हा वेगळा धागा. जाणकारांनी नेमकं लिहावं, स्वतःच्या कहाण्या नकोत.

चर्चेसाठी एकच माणूस धरू. वय ३७. इतिहासात पीएचडी, नोंदणीला तीन वर्षं झालेली, पूर्णवेळ फेलोशिप चालू. बायको नोकरी करते, मूल पहिलीत, आईवडील सोबत. घर जुन्या वळणाचं: शाकाहार, रोजची पूजा, एकादशी. कॉलेजात उजव्या विचारांच्या विद्यार्थी संघटनेचं काम केलेलं आणि त्यातून जमावबंदी मोडल्याची एखादी केस अंगावर. थोडक्यात, शंका येतील तेवढ्या सगळ्या एकाच माणसाच्या गळ्यात घातल्यात.

दारं कोणती उघडी, तेही आधीच सांगून टाकतो. अग्निवीरचं वय विशीच्या आसपासच संपतं, पदवीनंतरची अधिकारी भरतीची परीक्षा सीडीएस पंचविशीत, कायदा शाखेची जॅग एंट्री सत्ताविसाव्या वर्षी. सदतिशीत उरतं ते एकच दार: टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए. वय १८ ते ४२, कुठल्याही शाखेची पदवी, लग्नाची अडचण नाही. कायदा १९४८चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. बाकी तुम्ही लिहा.

कागदोपत्री

चांगला धागा. पण तुमचा माणूस पहिल्याच रकान्यात अडकतो.

अधिकारी पदाच्या अटींत वय आणि पदवीच्या जोडीला एक वाक्य असतं: उमेदवाराला स्वतःचा उदरनिर्वाहाचा व्यवसाय किंवा नोकरी हवी. टीएची कल्पनाच ती आहे. नागरिकाने आपला धंदा सांभाळून वर्षातला काही काळ गणवेश घालायचा. ही बेरोजगारांसाठीची योजना नाही, आणि जाहिरातीत तसं स्पष्ट छापलेलं असतं: हे पूर्णवेळ करिअर नाही, पेन्शनची हमी नाही.

आता फेलोशिप म्हणजे नोकरी का? आयकराच्या हिशोबात शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त, त्यामुळे फॉर्म १६ नाही. विद्यापीठ 'हा आमचा कर्मचारी आहे' असं पत्र देत नाही, कारण तो कर्मचारी नाहीच. सरकारी नोकराला विभागप्रमुखाचं ना-हरकत पत्र, खासगी नोकराला कंपनीचा दाखला, स्वतःचा धंदा असणाऱ्याला स्टॅम्पपेपरवर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आणि पॅन, अशी ही कागदांची रीत. फेलोशिपवाला यांपैकी कुठल्याच खणात नीट बसत नाही.

"मग तासिका तत्त्वावर शिकवतो" हा पुढचा विचार असतो. त्यात दुसरा खड्डा. बहुतेक पूर्णवेळ फेलोशिपांच्या हमीपत्रात दुसरीकडून मानधन घेणार नाही असं लिहून दिलेलं असतं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्था किंवा केंद्राचा विद्यापीठ अनुदान आयोग (युजीसी), ज्याची फेलोशिप असेल त्याचं स्वतः सही केलेलं हमीपत्र आधी काढून वाचा. दोन ठिकाणचं उत्पन्न दिसलं की फेलोशिपची वसुली निघते आणि ती व्याजासकट निघू शकते.

रविवारचा_कट्टा

अहो, पण टीए म्हणजे वर्षातून दोन महिने शिबिर. उन्हाळी सुट्टीत उरकता येतं. एवढा बाऊ कशाला?

घड्याळ_लावून

@रविवारचा_कट्टा, हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो, म्हणून आकडे मांडतो.

पहिल्या वर्षी मूलभूत प्रशिक्षण ३० दिवस. वार्षिक शिबिर दोन महिने, तेही पहिल्या वर्षापासून. शिवाय कमिशन मिळाल्यावर पहिल्या दोन वर्षांच्या आत लष्करी अकादमीत तीन महिने. बेरीज करा: ३० + ६० + ६० + ९० = २४० दिवस. पहिल्या २४ महिन्यांतले आठ महिने माणूस घरी नाही. ही किमान बेरीज, आणि तारखा युनिट ठरवतं. शिबिर मे महिन्यातच लागेल असं कुणी लिहून देत नाही.

आता दुसऱ्या बाजूला पीएचडीचं घड्याळ. युजीसीच्या २०२२च्या नियमांत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, त्यावर पुनर्नोंदणीने जास्तीत जास्त दोन. (महिला आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन.) प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण. जेआरएफला (युजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप) सार्वजनिक सुट्ट्या सोडून वर्षाला ३० दिवस रजा. शिबिर ६० दिवसांचं. म्हणजे पहिल्याच वर्षी, एकही दिवस आजारी न पडता, रजेचा हिशोब फाटतो. वरचे दिवस फेलोशिपविना धरावे लागतात, आणि तेही विभागाने मान्य केलं तर.

आणि 'दोन महिने' हे झालं शांततेतलं. ६ मे २०२५ला केंद्राने अधिसूचना काढून लष्करप्रमुखांना टीए नियमावलीच्या नियम ३३ खाली टीएतला प्रत्येक अधिकारी आणि जवान बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ तैनातीसाठी, मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. तीन वर्षं! इन्फंट्री टीएच्या तुकड्या काश्मीर आणि ईशान्येत वर्षानुवर्षं काम करत आल्यात. सुट्टीतला छंद म्हणून बघणाऱ्याने फॉर्म भरू नये.

रविवारचा_कट्टा

बरं, शब्द मागे. पण बोलावलं तर नोकरी जात नाही ना? कायद्याचं संरक्षण आहे असं वाचलंय.

कागदोपत्री

आहे, नोकरीला. टीए कायद्याच्या कलम ७अ नुसार सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्याला परत आल्यावर आधीच्या मालकाने कामावर घ्यायचं, आणि आधीपेक्षा वाईट अटींवर नाही. ७ब खाली भविष्यनिर्वाह निधीसारखे हक्क शाबूत राहतात.

पण नीट वाचा: मालक आणि नोकर. पीएचडीची नोंदणी म्हणजे नोकरी नव्हे आणि मार्गदर्शक म्हणजे मालक नव्हे (कितीही तसं वाटलं तरी). सहा वर्षांचं घड्याळ ७अ थांबवत नाही. मुदतवाढीसाठी विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होणं त्यांच्या मर्जीवर.

म्हणून क्रम बदला. आधी प्रबंध सादर करा, मग कायम किंवा निदान कंत्राटी नोकरी, मग टीए. ३७व्या वर्षी हातात पाच वर्षं आहेत. वय अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेला मोजतात, पुढच्या टप्प्यांना किती महिने लागले याच्याशी त्याचा संबंध नाही. ४१ व्या वर्षी भरलेला फॉर्म चालतो. अर्धवट पीएचडी, अर्धवट फेलोशिप आणि वर टीए ही तिहेरी कसरत करू नये.

मीठभाकर

सहमत, पण ४१पर्यंत थांबा हे सांगणं सोपं आहे. जागा बघा. २०२५च्या जाहिरातीत सगळ्या देशात मिळून १९ जागा होत्या, १८ पुरुषांसाठी आणि १ महिलेसाठी. एका प्रयत्नात होईल असं धरणाऱ्याने लॉटरीचं तिकीट घेतलेलं बरं. मी म्हणेन, पहिला प्रयत्न ३८व्या वर्षी, प्रबंध जमा करण्याच्या वर्षातच. लेखी परीक्षेला बसलं म्हणून फेलोशिप जात नाही.

महिलांचा विषय निघालाच आहे तर: २०१८च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने टीएत महिलाही पात्र आहेत असा निकाल दिला. तेव्हापासून दार उघडं आहे, पण फटीएवढं.

कागदोपत्री

@मीठभाकर, तेही खरं. लेखीला बसायला हरकत नाही, पण वर लिहिलेला नोकरीचा कागद मुलाखतीच्या टप्प्यापर्यंत हातात हवा.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांची एक खास अडचण लिहून ठेवतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव 'आडनाव-नाव-वडिलांचं नाव' या क्रमाने. आधारवर 'नाव-वडिलांचं नाव-आडनाव'. पॅनवर कधी मधलं नाव गायब, कधी नुसतं आद्याक्षर. पदवीवर एखादं अक्षर वेगळं. राज्याबाहेरचा पडताळणी कारकून क्रम बघून 'ही दोन माणसं आहेत' म्हणतो आणि त्याचं चुकत नाही. आधार आणि पॅन दहावीच्या स्पेलिंगला जुळवून घ्या. जन्मतारीखही दहावीचीच धरतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी शासन राजपत्रातली नावबदलाची प्रत आधीच काढून ठेवावी. फॉर्म भरल्यावर धावाधाव केली की नवं आधार एका नावाचं आणि भरलेला अर्ज दुसऱ्याच नावाचा, असा नवीनच घोळ होतो.

पाटी_पेन्सिल

लेखीबद्दल कुणी लिहिलं नाही, थोडक्यात लिहितो. तर्क, अंकगणित, सामान्य ज्ञान, इंग्रजी. सगळं बहुपर्यायी. पूर्वी दोन पेपर असायचे, २०२५ला परीक्षा संगणकावर झाली. पूर्वापार अट म्हणजे प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण सरासरी ५०.

पीएचडीवाले इंग्रजी आणि सामान्य ज्ञानात पास होतात आणि अंकगणितात बसतात. वीस वर्षांत शेकडेवारी, काळ-काम-वेग, नफा-तोटा केलेलं नसतं. आठवी ते दहावीची स्टेट बोर्डाची गणिताची पुस्तकं दोन महिने, रोज तास. कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. बास.

एनसीसीचं सी प्रमाणपत्र असेल तर लेखी माफ, असं अधूनमधून ऐकू येतं. ती सवलत नियमित सैन्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीची, तिथे वय पंचविशीत संपतं. टीएत लेखीतून सूट माजी अधिकाऱ्यांना.

सात_बारा

एसएसबीवर, म्हणजे लेखीनंतरच्या सैन्याच्या निवड मंडळावर, मी लिहितो, कारण पीएचडीचा माणूस खरा पडतो तो तिथे.

पाच दिवस. निवड केंद्रं भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू, जालंधर इथे. पहिल्या दिवशी छाननी: बुद्धिमापन आणि चित्रावरून गोष्ट. चित्र ३० सेकंद दिसतं, चार मिनिटं लिहायला, मग गटात चर्चा. अर्ध्याहून जास्त लोक इथूनच संध्याकाळच्या गाडीने परत जातात. दुसरा दिवस मानसशास्त्राचा: बारा चित्रं (त्यातलं शेवटचं कोरं), ६० शब्द दर १५ सेकंदाला एक, ३० मिनिटांत ६० प्रसंग, आणि १५ मिनिटांत स्वतःचं वर्णन. पुढे मैदानावरची गटकामं, मुलाखत, शेवटी कॉन्फरन्स.

१५ सेकंदात शब्द वाचायचा, सुचवायचं आणि लिहायचं. संशोधकाची बोटं 'तथापि', 'काही अंशी', 'संदर्भानुसार' शोधत बसतात आणि पुढचा शब्द येऊन ठेपतो. साठातले पस्तीसच झाले की संपलं. रोज घड्याळ लावून सराव करण्याला दुसरा पर्याय नाही.

आपला माणूस ठाम विचारांचा आहे, तर आणखी एक. समजा पडद्यावर 'ट्रॅडिशन' आलं. "परंपरा जपणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे" हे प्रवचन झालं, त्यातून मानसतज्ज्ञाला माणसाबद्दल काहीच कळत नाही. "रेजिमेंटची परंपरा जवानांना बांधून ठेवते" हे निरीक्षण झालं. 'कास्ट', 'रिलिजन', 'स्ट्राइक' या शब्दांवर भाषण ठोकणारे उजवे काय आणि डावे काय, सारखेच उडतात. मत असण्याला कुणाची ना नाही. शब्द दिसला की मनात आधी काम येतं की घोषणा, एवढं बघतात.

गटकामात वयाचा सापळा. शेजारी बाकीचे पंचविशी-तिशीतले. थोरला म्हणून सूचना देत सुटायचं, किंवा 'मुलांना करू दे' म्हणून मागे राहायचं, दोन्ही घातक. फळी, बल्ली आणि दोरी एवढंच सामान असतं. बल्ली उचलायला पहिला हात लावा आणि दुसऱ्याची कल्पना चांगली वाटली तर मोठ्याने तसं म्हणा. वैयक्तिक अडथळे दहा, वेळ तीन मिनिटं, १ ते १० गुण अवघडपणाप्रमाणे. सदतिशीत सगळे दहा झाले नाहीत तरी चालतं, पण सोप्या तिघांच्या मागे लागून जड गुणांचे सोडू नका.

मुलाखतीत दोन प्रश्न ठरलेले: "इतक्या उशिरा का?" आणि "घरी कोण सांभाळणार?" दुसऱ्याचं उत्तर बायकोशी बसून, नावनिशीवार ठरवलेलं हवं. शाळेची बस कोण गाठणार, वडिलांच्या तपासण्यांना कोण नेणार, घराचा हप्ता कुठल्या खात्यातून जाणार. "घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे" हे ऐकून अधिकाऱ्यांचे कान किटलेत.

धुळवड

त्या आंदोलनाच्या केसचं काय? ती कुणीच घेतली नाही.

कागदोपत्री

घेतो. महाराष्ट्रात मोर्चाच्या केसेस बहुतांशी महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१)(३) सह १३५ च्या, जोडीला जुनं भादंवि १८८ (आता भारतीय न्याय संहितेत २२३). गुन्हा लहान, पण पोलीस पडताळणीत तो दिसतोच. अर्जातल्या 'कधी अटक, गुन्हा, खटला' या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पडताळणीत निघाला, तर गुन्हा बाजूला राहतो आणि खोटी माहिती दिल्याचं कारण लागतं. त्यातून वाट निघणं फार अवघड.

करायचं काय: गुन्हा क्रमांक आणि खटला क्रमांक काढा, न्यायालयात जाऊन सद्यस्थिती बघा. दंड भरून संपला असेल, निर्दोष सुटला असाल किंवा सरकारने मागे घेतला असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत घ्या. 'ते तेव्हाच मिटलं' असं संघटनेच्या कार्यालयातून सांगितलेलं धरू नका. पुष्कळदा आरोपी हजर नाही म्हणून ती केस दहा-दहा वर्षं नुसती पडून असते आणि वॉरंटही निघालेलं असतं.

राजकारण चालतं का, याचं उत्तर टीए कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. टीएचा अधिकारी कर्तव्यावर असताना लष्करी कायद्याखाली येतो. म्हणूनच सचिन पायलट २०१२ला आणि अनुराग ठाकूर २०१६ला, दोन्ही बाजूंचे राजकारणी, टीएत अधिकारी होऊ शकले. गणवेशात असताना मात्र सभा, पक्ष, वर्तमानपत्रात लेख सगळं बंद, आर्मी रूल्स १९५४चे नियम २० आणि २१ बघा. प्रबंधाचा विषय संरक्षण किंवा सीमाभाग असेल तर लेख छापायला पाठवण्याआधी परवानगीचा विचार करा. समाजमाध्यमांचंही तेच. २०२०मध्ये लष्कराने ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्राम होती. या धाग्यावरच्या निम्म्या वाद घालणाऱ्यांना तेवढ्यानेच जड जाईल.

आणि हो, धोनी आणि कपिल देव यांचे टीएतले हुद्दे मानद. त्यांचं उदाहरण देऊ नका.

पहाटवारा

शरीराबद्दल. अधिकारी निवडीत वेगळी धावण्याची चाचणी नाही म्हणून लोक निवांत राहतात, आणि मग पहिल्याच शिबिरात नडगी धरतात. प्रशिक्षणात रायफल आणि पाठीवर सामान घेऊन पाच किलोमीटर, दोर चढणं आणि नऊ फुटी खड्डा असतो.

पण त्याआधी वैद्यकीय. वजन वयानुसार बघतात. १७० सेंमी उंचीच्या पुरुषाला ३० ते ४० वयात कमाल ६९.४ किलो, चाळिशीनंतर ७०.८. म्हणजे चाळीसच्या आत बीएमआय २४, पुढे २४.५. ग्रंथालयात बसून ७९ किलो झालेल्याला दहा किलो उतरवायचे आहेत आणि ते शेवटच्या महिन्यात होत नाही. महिन्याला दीड-दोन किलो धरा.

पस्तिशीनंतर जे खरंच निघतं: रक्तदाब १४०/९०च्या वर, साखर, पायाच्या फुगलेल्या शिरा, मूळव्याध, नाकाचं वाकडं हाड, अंडकोषाच्या शिरा (व्हेरिकोसील), आणि कानातला मळ. हो, मळ. पडदा दिसला नाही म्हणून शेरा मारतात. पंधरा दिवस आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून साफ करून घ्या, घरी काडी घालू नका. लेसिक केलं असेल तर नियमित एंट्रीची मोजमापं अशी: किमान १२ महिने झालेले, उरलेला नंबर ±१च्या आत, डोळ्याची लांबी २६ मिमीपर्यंत, पारपटलाची जाडी ४५० मायक्रॉनच्या वर. जुन्या फाइलमधून हे आकडे काढून ठेवा. तात्पुरतं नापास झाल्यास ४२ दिवसांत अपील मंडळ असतं. मूळव्याधीसारख्या शस्त्रक्रियेला आणि ती भरून यायला हा वेळ पुरत नाही, म्हणून फॉर्म भरतानाच साध्या रुग्णालयात सगळी तपासणी करून घ्या.

धावणं: सहा महिने. पहिले चार आठवडे चाल-धाव, दोन मिनिटं धाव आणि दोन मिनिटं चाल, अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. मग आठवड्याचं अंतर दर आठवड्याला दहाएक टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. या वयात फुप्फुसं लवकर तयार होतात, टाचेची शीर आणि नडगी होत नाहीत. दम पुरतोय म्हणून तिसऱ्या आठवड्यात पाच किलोमीटर मारणाराच दोन महिने घरी बसतो. पाठीवरचं वजन पाचव्या महिन्यापासून, आधी चालताना. पायऱ्या, डोंगर चांगले. पुणेकरांनी पर्वती चढावी, कोल्हापूरकरांनी जोतिबा.

ओसरीवरचा

घरातल्या गोष्टींबद्दल कुणी लिहिणार का? शाकाहार, पूजा, उपास. हे प्रश्न लोक उघडपणे विचारत नाहीत, पण असतात.

सात_बारा

ऑफिसर्स मेसमध्ये शाकाहारी जेवणाची अडचण येत नाही. औपचारिक जेवणात टोस्ट असतो, दारू न पिणारा त्या जागी पाणी किंवा सरबत घेतो. न पिण्याबद्दल कुणी विचारलं तर 'मी घेत नाही' एवढंच. तात्त्विक विवेचन केलं की रात्रभर चेष्टा.

पूजेबाबत मात्र एक गोष्ट आधीच पचवायला हवी. सैन्यातला संकेत असा की जवानांचा जो धर्म, तो अधिकाऱ्याचा. मराठा लाइट इन्फंट्रीत मंदिर परेडला आरती म्हणाल, शीख बटालियनला पोस्टिंग झालं की डोकं झाकून गुरुद्वाऱ्यात बसाल आणि लंगर वाढाल. ते मनापासून करायचं असतं, जवान लगेच ओळखतात. सोवळं पाळणाऱ्याचं तिथे जमत नाही. नुसत्या श्रद्धाळू माणसाला उलट हे वातावरण घरच्यासारखं वाटतं.

एकादशीचा निर्जळी उपास आणि पाच किलोमीटरची धाव एकाच दिवशी नको. फळं, शेंगदाणे, पाणी, मीठ-साखर घेऊन काय तो उपास करा.

पहाटवारा

+१. साबुदाणा खिचडीवर सकाळची धाव ओढली जाते हो, दोर चढणं नाही.

मीठभाकर

पैशाचं कुणीतरी लिहा म्हणून मीच लिहितो. कमिशन लेफ्टनंट पदावर. लेव्हल १०, मूळ वेतन ५६,१०० आणि सैनिकी सेवा वेतन १५,५००, म्हणजे ७१,६००. वर महागाई भत्ता वगैरे. दोन महिन्यांच्या शिबिराचे महागाई भत्ता सोडून १,४३,२००. पण सेवेत बोलावलेल्या दिवसांचेच. उरलेले दहा महिने टीएकडून पगार नाही. अधिकाऱ्याला पेन्शन मिळायची तर प्रत्यक्ष सेवेची २० वर्षं भरायला हवीत. अडतिसाव्या वर्षी आत जाणाऱ्याने ती नसणार असंच धरावं.

मुदत विम्याची पॉलिसी जुनी असेल तर व्यवसाय बदलाचं कलम वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. फोनवर 'चालतंय सर' म्हणाले, त्याला अर्थ नाही. बायकोच्या नावे बँक, वीज, शाळा, गॅस या सगळ्याचा व्यवहार महिनाभर आधीच चालवून बघा. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो मोबाईल शिबिरात बंद असणार, इतकी साधी गोष्ट लोक विसरतात.

न्यू_जर्सी_लोकल

अवांतर, पण अमेरिकेतून हा धागा वाचणाऱ्यांसाठी. इथे विद्यार्थी व्हिसावर भरती होता येत नाही. परदेशी नागरिकांना भरती करून घेणारी मॅवनी नावाची वाट होती, ती २०१६पासून बंद. ग्रीन कार्डवर शिपाई म्हणून जाता येतं, अधिकारी व्हायला नागरिकत्व लागतं. वय नौदलाने २०२२ला ४१पर्यंत आणि हवाईदलाने २०२३ला ४२पर्यंत वाढवलं.

नागरिकत्व लवकर मिळेल म्हणून खुश होणाऱ्यांनी एवढं बघावं: परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाविना येऊ देणारं) मिळत नाही. अमेरिकी नागरिक झालात की भारताचं नागरिकत्व आपोआप जातं, आणि मग गावच्या घरी यायला दर वेळी व्हिसा. आईवडील इकडे असतील तर सही करण्याआधी हे घरात बोला.

धुळवड

बाप रे, हे ठाऊक नव्हतं. धन्यवाद.

कुणाला अधिकारी नकोच असेल, नुसतं गणवेशाशी नातं हवं असेल तर?

घड्याळ_लावून

दोन वाटा. एक, टीएची जवानांची भरती. वय तेच १८ ते ४२, शिपाई जीडीला (जनरल ड्युटी, साधा शिपाई) दहावी ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३, उंची १६० सेंमी, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त, मैदानावर १.६ किमी धाव. महाराष्ट्राशी जोडलेल्या बटालियन बघायच्या तर पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९, दोन्ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या. संभाजीनगरची १३६ ही पर्यावरण बटालियन माजी सैनिकांसाठी, तिथे अर्ज करून उपयोग नाही.

दुसरी, आणि पीएचडीवाल्याला खरी सोयीची: महाविद्यालयात अध्यापक झाल्यावर एनसीसीचा असोसिएट अधिकारी. वय २१ ते ४२, कॉलेजात एनसीसीचं युनिट हवं आणि प्राचार्यांची शिफारस. प्रशिक्षण आपल्या कामठीला, नागपूरजवळ. लढाऊ सेवा नाही, पण नोकरी, घर आणि गणवेश तिन्ही एका गावात राहतात. तुमच्या सदतिशीच्या माणसाला प्रबंध झाल्यावर पहिला फॉर्म मी हाच भरायला सांगेन.

सात_बारा

@घड्याळ_लावून, इथे मतभेद. ज्याला बटालियन हवी आहे त्याचं कामठीने समाधान होत नाही, आणि ४२ उलटल्यावर मग हळहळ. दोन्ही वाटा एकदम चालू ठेवायला कुणी अडवलेलं नाही. दोन्हींकडे वय ४२लाच संपतं, म्हणून कुठला अर्ज आधी हे प्रत्येकाने आपल्या जन्मतारखेवरून ठरवावं.

ओसरीवरचा

वाचनखूण साठवली. कागदांची यादी कुणी एका प्रतिसादात टाकली तर मूळ धाग्यात चढवतो.

कागदोपत्री

रात्री टाकतो. तोवर सगळ्यांनी दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार शेजारी ठेवून नावातलं एकेक अक्षर जुळवून बघा.